पाश्चात्त्य मकर आणि आपली मकर: तुलना नेमकी कशी करायची

२ जानेवारीला जन्मलेल्या मुलीला इंग्रजी मासिक सांगतं, तुझी रास कॅप्रिकॉर्न, म्हणजे मकर. घरच्या पत्रिकेत मात्र रास लिहिलेली असते सिंह. मोबाइलवरचं एखादं अ‍ॅप तिसरंच काढतं: रवी धनू राशीत. मग घरात वाद सुरू होतो की खरी रास कोणती. बहुतेक वेळा या तिन्ही ठिकाणची आकडेमोड बरोबरच असते, फक्त प्रत्येकानं वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. ते तीन प्रश्न वेगळे ओळखता आले की तुलना करता येते. इथे मी मकर रास घेतली आहे, कारण संक्रांतीमुळे ती आपल्या रोजच्या कॅलेंडरात आहे आणि दोन पद्धतींमधला फरक तिच्यात सगळ्यात स्वच्छ दिसतो. हीच रीत पुढे कुठल्याही राशीला लावता येईल.

पायरी १: रवी रवीशी ताडा, चंद्र चंद्राशी

मराठीत ‘तुझी रास कोणती?’ असं कुणी विचारलं तर त्याला जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता ते हवं असतं. नावाचं अक्षर, साडेसाती, लग्नाचं गुणमेलन, मराठी वर्तमानपत्रातलं साप्ताहिक भविष्य हे सगळं साधारणपणे या चंद्रराशीवरून येतं. पाश्चात्त्य मासिकातली रास ही जन्माच्या वेळी सूर्य कुठे होता त्यावरून ठरते. चंद्र एका राशीत जेमतेम सव्वादोन दिवस राहतो, सूर्य साधारण महिनाभर. म्हणून पाश्चात्त्य रास नुसत्या तारखेवरून सांगता येते आणि आपली येत नाही.

ही सूर्यराशीची प्रथा वाटते तितकी जुनी नाही. ऑगस्ट १९३० मध्ये ज्योतिषी आर. एच. नेलर यांनी लंडनच्या ‘संडे एक्सप्रेस’मध्ये नुकत्याच जन्मलेल्या राजकन्या मार्गारेटची कुंडली मांडली. त्या लेखाला मिळालेल्या प्रतिसादातून वर्तमानपत्री राशिभविष्याचं सदर रुजलं. लाखो वाचकांना जन्मवेळ न विचारता काहीतरी सांगायचं, तर सूर्यराशीइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. पाश्चात्त्य ज्योतिषी स्वतः पूर्ण कुंडली मांडतात तेव्हा चंद्र आणि लग्न (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) दोन्ही पाहतात, हे लक्षात असू द्या. त्यांच्या मासिकातल्या चार ओळी एका बाजूला आणि आपली संपूर्ण पत्रिका दुसऱ्या बाजूला ठेवून निकाल देणं हा त्या पद्धतीवर अन्याय आहे.

तेव्हा वहीत दोन रकाने आखा, सायन (पाश्चात्त्य पद्धत) आणि निरयन (आपली पद्धत). प्रत्येकात तीन ओळी लिहा: रवी, चंद्र, लग्न. तुलना आडवीच करायची. एका रकान्यातला रवी आणि दुसऱ्यातला चंद्र यांची जोडी लावायची नाही.

पायरी २: मोजणी कुठून सुरू होते ते समजून घ्या

आता मुद्द्याचं. सूर्याचा आकाशातला मार्ग दोन्हीकडे एकच आहे, त्याचे ३० अंशांचे बारा समान भागही दोन्हीकडे आहेत. फरक आहे तो शून्य कुठे मांडलं यात. स्वारगेटपासून मोजलेलं सातारा आणि शिवाजीनगरपासून मोजलेलं सातारा यांच्या किलोमीटरच्या आकड्यांत फरक पडतो, रस्ता तोच असतो.

पाश्चात्त्य ज्योतिष वसंतसंपातापासून मोजतं, म्हणजे साधारण २० मार्चला दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य जिथे असतो तिथून. याला सायन पद्धत म्हणतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीने ती ठामपणे मांडली. या हिशोबात मकर २१-२२ डिसेंबरला सुरू होते, उत्तर गोलार्धातल्या सर्वांत लहान दिवसाला. म्हणजे पाश्चात्त्य मकर ऋतूला बांधलेली आहे.

आपली निरयन पद्धत ताऱ्यांना धरून मोजते. आज सर्वाधिक चालणाऱ्या चित्रापक्षात चित्रा तारा तूळ राशीच्या आरंभी, १८० अंशांवर धरला आहे. त्या हिशोबात सूर्य मकरेत येतो १४ किंवा १५ जानेवारीला आणि १२-१३ फेब्रुवारीपर्यंत तिथे असतो.

पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो. त्यामुळे वसंतसंपात ताऱ्यांच्या मानाने दरवर्षी सुमारे ५०.३ विकला (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला) मागे सरकतो, ७२ वर्षांत जवळजवळ एक अंश. इसवी सन २८५ च्या सुमारास दोन्ही शून्यं एकत्र होती. तेव्हापासून वाढत गेलेल्या अंतराला अयनांश म्हणतात. आज ते २४ अंशांच्या थोडं पुढे आहे.

हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हतं असं समजू नका. वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथाच्या काळी सूर्य धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी असताना उत्तरायण होत होतं. सहाव्या शतकात ज्योतिषी वराहमिहिरानं स्पष्ट नोंदवलं की जुन्या शास्त्रांत तसं सांगितलं आहे, पण आता ते मकरेच्या आरंभी होतं. त्याच्या काळी मकरसंक्रांत आणि उत्तरायण जवळजवळ एकत्र येत होते. संक्रांतीला ‘उत्तरायण सुरू’ म्हणायची सवय त्या काळाला शोभणारी आहे. आज सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरातच.

संक्रांत पुढे सरकताना पाहायची असेल तर स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख घ्या: १२ जानेवारी १८६३. तो मकरसंक्रांतीचा दिवस होता. आज संक्रांत १४ किंवा १५ ला येते. पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असं सर्रास सांगितलं जातं, कारण तारीख १४ जानेवारी १७६१ होती. पण याच गणिताने मागे गेलं तर त्या वर्षीची संक्रांत ९-१० जानेवारीच्या आसपास पडते. मराठी मनाला लागलेली ती जखम इतकी खोल आहे की संक्रांत हा शब्द तिला चिकटून बसला, आणि आजची तारीख मागे नेऊन लावली गेली.

पायरी ३: जन्माची माहिती पारखून घ्या

तारीख, वेळ, गाव. रवीसाठी तारीख बहुधा पुरते. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, तिथे वेळ लागते. लग्न सरासरी चार मिनिटांना एक अंश पुढे जातं, तिथे वेळेची फार काळजी घ्यावी लागते.

जुन्या मंडळींच्या पत्रिका काढताना दोन खड्डे आहेत. मुंबईत १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ चालत होता आणि तो भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता. आजीच्या जन्माची कागदावरची वेळ या घड्याळाची असेल तर लग्न जवळजवळ दहा अंशांनी हलतं. दुसरं म्हणजे १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळं एक तास पुढे केली होती. परदेशात जन्मलेल्या मुलांसाठी उन्हाळी वेळेचा एक तास पाहावा लागतो. चांगलं सॉफ्टवेअर तो आपोआप धरतं, पण जन्मगाव बरोबर निवडलेलं हवं, आईवडिलांचं मूळ गाव नव्हे. पत्रिका भारतातल्या नातेवाइकांनी काढली असेल तर हीच चूक आधी तपासा.

पायरी ४: वजाबाकी करा

संगणकावर ‘जगन्नाथ होरा’ मोफत मिळतं, संकेतस्थळांमध्ये ‘अ‍ॅस्ट्रो डॉट कॉम’वर सायन आणि निरयन दोन्ही कुंडल्या काढता येतात. तरी एकदा हाताने करून पाहाच. त्याशिवाय हे डोक्यात बसत नाही.

चित्रापक्षाचा अयनांश ढोबळमानाने असा: १९५० साली २३ अंश १० कला, १९७५ साली २३ अंश ३० कला, २००० साली २३ अंश ५१ कला, २०२५ साली २४ अंश १२ कला. सायन अंशांतून तो वजा करायचा. अंश कमी पडले तर मागच्या राशीकडून ३० उसने घ्यायचे.

५ जानेवारी १९९० ची दुपार घ्या. सायन रवी मकरेच्या साधारण साडेचौदा अंशांवर. अयनांश २३ अंश ४३ कला. साडेचौदातून तेवीस जात नाहीत, म्हणून ३० उसने: ४४ अंश ३० कला वजा २३ अंश ४३ कला, बाकी २० अंश ४७ कला, आणि रास एक मागे, म्हणजे धनू. पाश्चात्त्य मकर, आपला धनू रवी.

१८ जानेवारीचा जन्म असेल तर सायन रवी मकरेच्या २७-२८ अंशांवर असतो. २४ वजा केले तरी तीन-चार अंश उरतात. हा माणूस दोन्हीकडे मकर. २ फेब्रुवारीला सायन रवी कुंभेच्या १३ अंशांवर असतो. ४३ वजा २४, म्हणजे मकरेचे १९ अंश. पाश्चात्त्य हिशोबात कुंभ, आपल्याकडे मकर.

यावरून दिसतं की आजच्या पाश्चात्त्य मकरवाल्यांपैकी जेमतेम पाचातला एक निरयन पद्धतीतही मकर राहतो. बाकीचे धनूत जातात. ‘माझी रास बदलली’ असं म्हणत लोक हळहळतात, पण यात बदललं काहीच नाही. सूर्य त्या क्षणी आकाशात जिथे होता तिथेच होता.

पायरी ५: कडेवरच्या जन्मांना घाई करू नका

विवेकानंदांचाच जन्म पुन्हा पाहा. पहाटेची वेळ, सायन रवी मकरेच्या २१ अंशांच्या थोडा पुढे, त्या वर्षीचा अयनांश २२ अंशांना थोडा कमी. वजाबाकी केली तर रवी धनूच्या शेवटच्या अंशात राहतो, आणि संक्रांत त्याच दिवशी नंतर होते. तिथी पौष वद्य सप्तमी, त्यामुळे चंद्र कन्येत. म्हणजे पाश्चात्त्य मासिक त्यांना मकर म्हणेल, आपल्या रिवाजाने रास कन्या, आणि निरयन रवी धनू-मकरेच्या उंबऱ्यावर.

अशा जन्मांना अयनांशातला थोडासा फरकही उलटापालटा करतो. आणि महाराष्ट्रात तर हा फरक चांगलाच मोठा आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास सुरू केलेलं पटवर्धनी पंचांग आणि त्याच विचाराचं टिळक पंचांग रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापासून मोजतं. त्यांचा अयनांश चित्रापक्षापेक्षा जवळजवळ चार अंशांनी कमी आहे. म्हणून टिळक पंचांगाची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, आणि अधिक महिना वेगळा पडला तर गणपती-दिवाळीही वेगळी पडू शकते. वेंकटेश बापूजी केतकरांनी चित्रापक्षाची बाजू लढवली. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रापक्ष घेतला आणि २१ मार्च १९५६ चा अयनांश २३ अंश १५ कला ठरवला. ‘लाहिरी’ या नावाने सॉफ्टवेअरमध्ये दिसतो तो हाच. घरात टिळक पंचांग चालत असेल तर पत्रिका कोणत्या अयनांशाने केली ते आधी विचारा. तो प्रश्न न विचारता केलेली तुलना वाया जाते. या वादावर आपल्याकडे किती तळमळीनं लिहिलं गेलं ते शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथातून कळतं, आणि मराठी वाचकाला तो मुळातून वाचता येतो हे आपलं भाग्य आहे.

पायरी ६: मकरेचं वर्णन शेजारी-शेजारी ठेवा

इथे नवख्यांना आश्चर्य वाटतं, कारण साम्य फार आहे. स्वामी दोन्हीकडे शनी. पृथ्वीतत्त्व दोन्हीकडे. आपण जिला चर रास म्हणतो, तिलाच तिकडे आरंभ करणारी रास म्हणतात. शरीरात दोन्हीकडे गुडघे. मंगळ दोन्हीकडे मकरेत उच्चीचा, म्हणजे सर्वांत बलवान, तोही २८ अंशांवर. गुरू दोन्हीकडे नीच, म्हणजे दुर्बळ, फक्त परमनीच (सर्वांत दुर्बळ) अंश आपल्याकडे ५ आणि जुन्या ग्रीक परंपरेत १५. हे योगायोगाने होत नाही. बारा राशींची चौकट ग्रीक संपर्कातून इकडे आली आणि इथल्या नक्षत्रांच्या जुन्या व्यवस्थेवर बसली.

चित्र मात्र वेगळं आहे. पाश्चात्त्य मकर म्हणजे पुढून बोकड आणि मागून मासा, थेट बाबिलोनकडून आलेला. आपला मकर गंगेचं आणि वरुणाचं वाहन असलेला जलचर, राशिचित्रात बहुधा हरणाच्या तोंडाचा. पाश्चात्त्य लेखक डोंगर चढणाऱ्या बोकडावरून महत्त्वाकांक्षा आणि चिकाटी सांगतात. आपल्याकडे भर शनीच्या स्वभावावर येतो: कष्ट, विलंब, जबाबदारी, उशिरा मिळणारं फळ.

आधुनिक पाश्चात्त्य ज्योतिषात १७८१ साली सापडलेला युरेनस कुंभेला दिला, पण मकर शनीकडेच राहिली. म्हणून दोन्ही पद्धतींची ओळख करून घ्यायला मकर सोपी जाते.

साम्याचा फसवा भागही इथेच आहे. ‘मंगळ मकरेत उच्च’ हा नियम एकच, पण कोणाचा मंगळ मकरेत आहे याचं उत्तर वेगळं. सायन मकरेच्या १० अंशांवरचा मंगळ निरयन पत्रिकेत धनूच्या १६ अंशांवर जातो, तिथे तो उच्चीचा नाही. नियम एका पद्धतीचा आणि अंश दुसऱ्या पद्धतीचे घेऊ नका.

पायरी ७: फक्त आपल्याकडे असलेल्या गोष्टी वेगळ्या लिहा

निरयन मकरेत तीन नक्षत्रांचे भाग येतात: उत्तराषाढेचे शेवटचे तीन चरण (चरण म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग), पूर्ण श्रवण, धनिष्ठेचे पहिले दोन चरण. चरणाक्षरं, म्हणजे नावाची आद्याक्षरं, अनुक्रमे भो, जा, जी, खी, खू, खे, खो, गा, गी. चंद्र उत्तराषाढेत असेल तर विंशोत्तरी दशा (आयुष्याचे ग्रहांच्या नावे पाडलेले टप्पे) रवीच्या महादशेपासून, म्हणजे रवीच्या मोठ्या टप्प्यापासून सुरू होते, श्रवणात चंद्राच्या, धनिष्ठेत मंगळाच्या. प्रचलित पाश्चात्त्य पद्धतीत याला समांतर काही नाही, तेव्हा ओढूनताणून जोडी शोधू नका.

कुंडलीच्या आकृतीतही गोंधळ होतो. आपल्या चौकोनी कुंडलीत घरातला १० हा आकडा मकर रास दाखवतो, दहावं स्थान नव्हे. लग्नाच्या घरात ७ असेल तर मकर चौथ्या स्थानी येते. पाश्चात्त्य कुंडली गोल असते आणि तिच्यातली स्थानं सहसा असमान असतात, म्हणून ग्रहाची रास जुळली तरी स्थान जुळेलच असं नाही.

पायरी ८: चालू ग्रहांवर हात बसवा

२१ डिसेंबर २०२० ची गुरू-शनी युती आठवत असेल. संध्याकाळी पश्चिमेला दोघं इतके जवळ आले होते की एकच ठिपका वाटत होता. पाश्चात्त्य ज्योतिषी सांगत होते की युती कुंभेच्या पहिल्याच अंशात आहे, वायुराशींचं नवं पर्व सुरू होतंय. त्याच संध्याकाळी आपल्याकडचे ज्योतिषी मकरेच्या सातव्या अंशातली युती पाहत होते: शनी स्वतःच्या राशीत, गुरू नीच राशीत, मग नीचभंग (नीचपणाचा दोष जाणं) होतो का, यावर चर्चा. ३०० अंशांतून २४ वजा केले की २७६, हिशोब जुळतो. आणि दुर्बिणीतून पाहणाऱ्या खगोलप्रेमींना ते दोघं मकर तारकासमूहात दिसत होते. तारकासमूह ही तिसरीच गोष्ट आहे. त्यांच्या सीमा असमान आहेत, सूर्य त्या मकरेत साधारण २० जानेवारी ते १६ फेब्रुवारी असतो. ‘तेरावी रास सापडली’ अशी बातमी अधूनमधून येते ती या सीमांवरून. तिचा सायन किंवा निरयन राशींशी संबंध नाही.

साडेसातीचंही तसंच. ती निरयन चंद्रराशीवरून मोजतात. मकर चंद्रराशीची साडेसाती शनी २९ मार्च २०२५ रोजी मीनेत गेल्यावर संपली. इंग्रजी मासिक तुम्हाला कॅप्रिकॉर्न म्हणतं म्हणून मकरेच्या साडेसातीचे उपाय करू लागणं, त्यासाठी पैसे खर्च करणं, यात त्या शास्त्राच्या स्वतःच्या नियमांनीही अर्थ नाही. घाबरलेल्या माणसाला असे उपाय विकले जातात, याचा मला मनापासून राग येतो.

भाकिताबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली महाराष्ट्रात चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या मिळून २०० पत्रिका होत्या. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन त्या कोणत्या गटातल्या ते ओळखायला सांगितलं. यश ४६ टक्के आलं, नाणं उडवण्याइतकंच. पाश्चात्त्य पद्धतीची शॉन कार्लसन यांची चाचणी १९८५ साली ‘नेचर’मध्ये आली, तिचा निष्कर्षही ज्योतिषाच्या बाजूचा नव्हता. तेव्हा दोन पद्धतींची तुलना जरूर करा, त्यात खगोल आहे, इतिहास आहे, पंचांगाची उत्तम गणितं आहेत. नोकरी, लग्न, औषधोपचार यांचे निर्णय तिच्यावर टांगू नका.

सरावासाठी आता समोरची रास घ्या, कर्क. सायन कर्क २१ जूनच्या सुमारास सुरू होते, निरयन १६ जुलैच्या सुमारास. मकरेत जो मंगळ उच्च, तो इथे नीच, आणि गुरू उच्च. तुमच्या घरातल्या जुलैमधल्या एखाद्या जन्मतारखेचा रवी दोन्ही रकान्यांत मांडा, अयनांश स्वतः वजा करा आणि मगच सॉफ्टवेअर उघडून उत्तर पडताळा.